नऊ नंबरचा डावा

पडद्यावर लाल पट्टी तिसऱ्यांदा उमटली. एका वस्तूचे शंभराहून जास्त व्हेरिएंट ठेवता येणार नाहीत. मी उठले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती. थोडं पाणी बेसिनमध्ये ओतलं, ती पुन्हा भरली आणि येऊन बसले. सकाळपासूनची ही चौथी फेरी.

"ताई, साधं गणित आहे," मॅडम म्हणाल्या. "रंग सहा, नंबर आठ, झाले अठ्ठेचाळीस. पण तुमचा तो पाय आला की तिप्पट होतात."

"एकशे चव्वेचाळीस," मी म्हटलं.

"मग पाय काढून टाका ना."

पलीकडच्या टेबलावर पॅकिंगवाले काका उगाचच खोकले. आपण काय बोलून गेलो ते मॅडमच्या लक्षातही आलं नाही. मॅडम म्हणजे मालकांची सून, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मनाने वाईट मुळीच नाही, पण सदा घाईत. दुपारी चार वाजता दुकानाची नवी वेबसाइट सुरू व्हायची होती. एकदा सुरू झाली की पुढचे तीन महिने कॅटलॉगला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. म्हणजे चारच्या आत मी 'पाय' हा रकाना उडवायचा आणि गप्प बसायचं.

हा रकाना काय आहे ते सांगते. आमच्या दुकानात चालायचा एक साधा, लेसचा बूट मिळतो. ग्राहक रंग निवडतो, मग नंबर. काळा सात हा एक व्हेरिएंट, तपकिरी सात हा दुसरा. बाकीच्या दुकानांत गोष्ट इथंच संपते. आमच्याकडे आणखी एक प्रश्न विचारतात, जोडी, डावा की उजवा? तो प्रश्न मी घातलेला आहे. आठ वर्षांपूर्वी जुनी वेबसाइट बांधणाऱ्या माणसाच्या मागे हात धुऊन लागले होते, तेव्हा कुठे त्याने वैतागून घालून दिला.

एकच बूट घेणारी माणसं जगात असतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. माझा दादा नऊ वर्षांचा असताना त्याचा डावा पाय ट्रकखाली गेला. नकली पाय आणला होता, तो टोचायचा, म्हणून दाराच्या मागे टांगला तो टांगलाच. दादा कुबडी घेऊन चालतो आणि एका पायात बूट घालतो. बूट मात्र जोडीनेच विकत मिळायचे. आई डावा बूट फेकायची नाही, कारण तो कोरा करकरीत असायचा. पलंगाखाली अशा डाव्या बुटांची रांग झाली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी त्यांच्याशी घर-घर खेळायचे. दादाची नजर तिकडे गेली की तो तोंड फिरवायचा. मोठी झाल्यावर त्याचं तोंड फिरवणं मला कळलं आणि मग त्या बुटांकडे मलाही बघवेना.

बारा वर्षांपूर्वी मी काउंटरवर होते. एक कुबडीवाले गृहस्थ आले आणि खाली बघत म्हणाले, एकच बूट मिळेल का, डावा, नऊ नंबर. काउंटरवरचा दुसरा माणूस हसला. दादाला उजवा नऊ लागतो. मी त्या गृहस्थांना म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी एक जोड फुटला, एक बूट त्यांच्याकडे गेला आणि एक आमच्या घरी आला. पलंगाखाली काही गेलं नाही. त्या दिवशी आईने मला जवळ घेतलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे, डाव्या पानावर डावे, उजव्या पानावर उजवे. नियम दोनच, दोन्ही बाजूंनी होकार आल्याशिवाय जोड फोडायचा नाही, आणि कुणाचा जोडीदार कोण ते कुणाला सांगायचं नाही. काका माझ्या टेबलाला वधूवर सूचक मंडळ म्हणतात. स्वतःचं जमवलं नाही आणि जगाचं जमवत बसलीय, हेही त्यांनी म्हणून झालंय. म्हणोत बापडे. रंगावरून तर खरोखरच बोलणी चालतात. दादाला काळा आवडतो, डावे नऊ यांना तपकिरी. शेवटी दोघांनी माझ्यामार्फत तह केला, एक वर्ष काळा, एक वर्ष तपकिरी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

यंदा डावे नऊ यांची पाळी होती, पण त्यांचा निरोपच आला नाही. दर वर्षी ज्या महिन्यात यायचा तो उलटून चार महिने झाले होते. दादाच्या बुटाचा तळ झिजून पुठ्ठ्यासारखा झाला होता. "आला का माझा जोडीदार?" असं तो आठवड्यातून दोनदा विचारायचा. वहीत फोन नंबर होता. करू उद्या, करू उद्या म्हणत मी केला नाही. मला उत्तराची भीती वाटत होती. उलट मीच त्यांच्या नावाने तपकिरी डावा नऊ अशी ऑर्डर टाकून ठेवली, जागा अडवून ठेवावी तशी. असं करायचं नसतं. मलाच ठाऊक होतं आणि मीच केलं.

दोन वाजता मी कागदावर आकडेमोड करत होते, पाय टेबलाखाली नाचत होता. रंग सहा, नंबर आठ, डावा आणि उजवा. जोडी वगळली तर शहाण्णव. शंभराच्या आत. मी तशीच मॅडमच्या केबिनमध्ये घुसले आणि म्हटलं, एकट्या बुटाचं वेगळं पान करूया, जोडीचं वेगळं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. वर्षाला एकतीस एकटे बूट जातात, त्याच्यासाठी नवं पान, त्याला पाच फोटो, त्याची तपासणी, हे सगळं आता?

"पावणेचारला पान तयार असलं तर?" मी विचारलं.

"तर ठेवू. नसलं तर मग माझ्याशी भांडायचं नाही."

काकांनी पांढरी चादर धरली आणि मी फोटो काढले. फोटोत एकटा बूट कुणीतरी विसरून गेल्यासारखा दिसतो. काका म्हणाले, जरा तिरका ठेव, चालायला निघाल्यासारखा वाटेल. तिरका ठेवला. मग एकेक व्हेरिएंट भरायला बसले. काळा, पाच, डावा. काळा, पाच, उजवा. मान अवघडली, बोटं अडखळत होती, मध्येच नेट गेलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. तीन चाळीसला शहाण्णव पूर्ण झाले. आता जुन्या पानावरचा 'पाय' काढला की काम फत्ते. मी काढला. सेव्ह केलं.

आणि मग आठवलं.

जोडीदाराची वाट बघणाऱ्या ऑर्डरी आधी नव्या पानावर हलवायच्या असतात, त्यानंतर जुना रकाना काढायचा. हा क्रम मी स्वतः तीन नव्या लोकांना शिकवलाय, दरडावून शिकवलाय. व्हेरिएंट गेला की त्याच्यावरची ऑर्डर आपोआप रद्द होते आणि ग्राहकाला मेसेज जातो. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला. नऊ मेसेज पाठवले.

पहिला फोन दादाचाच आला. तो घड्याळं दुरुस्त करतो, एका डोळ्याला भिंग लावून बोलत असणार. म्हणाला, "अगं, तुझं दुकान म्हणतंय मी आता उपलब्ध नाही."

"चूक झाली. घरी आल्यावर सांगते."

"नाही, उपलब्ध आहे मी, तेवढं कळव त्यांना," असं म्हणून हसत त्याने फोन ठेवला. मला हसू आलं नाही.

चारला वेबसाइट सुरू झाली. केबिनमध्ये टाळ्या वाजल्या. मॅडम बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, पान छान झालंय म्हणाल्या. मी वही उघडून एकेकाला फोन लावत होते. डावे सात आधी चिडले, मग निवळले. उजव्या पाच या मास्तरीणबाई आहेत, त्यांनी मलाच धीर दिला. सात फोन झाले, दादाचा मोजला तर आठ. उरला एक. मी बाटली घेऊन उठले. काका नुसते बघत होते. मी बाटली खाली ठेवली आणि नंबर फिरवला.

फोन एका बाईंनी उचलला. मी दुकानाचं नाव सांगितलं, चुकून मेसेज गेला म्हणून सांगितलं, साहेबांना देता का म्हणून विचारलं.

"ते नाहीत हो," त्या म्हणाल्या. "सात महिने झाले."

त्या सावकाश बोलत राहिल्या. "त्यांचा फोन मी चालू ठेवलाय. आता मेसेज आला. नऊ नंबरचा डावा यापुढे उपलब्ध नाही. मला वाटलं, दुकानाला कसं कळलं."

मी माफी मागितली. ऑर्डर त्यांनी दिलेली नव्हती, मीच टाकली होती, हेही सांगून टाकलं. सांगताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"माफी कशाला मागता? कुणीतरी वाट बघत होतं एवढंच ना," बाई म्हणाल्या. मग हळूच, "एक विचारू? ते उजवा घालणारे, ते आहेत ना?"

"आहेत."

"हे रोज विचार करायचे त्यांचा. नवा बूट आला की पहिल्या दिवशी लांबवर चालून यायचे. पार दमून यायचे. मी रागवायचे, तर म्हणायचे, तोही आज निघाला असेल."

बारा वर्षं पाळलेला नियम मी मोडला. म्हटलं, "तो माझा सख्खा भाऊ आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या बसल्या असाव्यात.

"मग त्यांना बूट द्या," त्या म्हणाल्या. "आता कुणासाठी थांबवू नका."

सुटल्यावर मी गोदामातून तपकिरी नऊचा जोड स्वतःच्या नावावर घेतला. काकांनी विचारलं नाही, कोणता बूट ठेवायचा म्हणून. दोन्ही डब्यात भरले आणि दोरी बांधून दिली. वाटेत दोनदा वाटलं, डावा काढून कुठंतरी ठेवून द्यावा आणि दादाच्या हातात नेहमीसारखा एकच द्यावा. पण ठेवणार कुठे? माझ्याकडेही शेवटी पलंगाखालचीच जागा होती.

दादा खिडकीपाशी कामाला बसला होता. उजेड अजून होता. मी डबा समोर ठेवला. त्याने दोरी सोडली, झाकण काढलं आणि आत दोन बूट बघून भिंग डोळ्यावरून उतरवलं.

"तपकिरी," तो म्हणाला. "यंदा त्याची पाळी होती."

मी मान हलवली. मग बसले आणि सगळं सांगितलं, मेसेजचं, बाईंचं, पहिल्या दिवशीच्या लांब चालण्याचंही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. दादाने उजवा बूट काढून लेस ओवली आणि पायात चढवला. मग डावा घेतला. मला वाटलं, आता तोंड फिरवेल. त्याने डाव्यातही लेस ओवली. घड्याळाच्या कामाला लागते तेवढ्याच निगुतीने, एकेक भोक बघून. ती घट्ट बांधली, गाठ सारखी केली आणि बूट दाराशी, आपल्या जुन्या बुटाच्या जागी ठेवला.

"जाऊन येतो," म्हणत त्याने कुबडी घेतली. वहिनी म्हणाली, आता कुठे निघालात, जेवायची वेळ झाली. तो म्हणाला, येतो.

एरवी तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो आणि वळतो. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावर तो थांबला, कुबडी काखेत नीट बसवली आणि पुढे गेला. शाळेची भिंत संपते तिथवर दिसला, मग दिसेना.

वहिनीने केर काढायला घेतला. दाराशी आली तेव्हा तिने डावा बूट उचलला नाही. त्याच्या कडेकडेने झाडून घेतलं.