सीट चार बोटं मागे

“वहिनी, आता तुम्हीच सांगा ह्याला,” ठोके म्हणाले. “अख्खी गाडी नवी केली आणि सीट तेवढी पार पुढे! चालवणाऱ्यानं काय स्टिअरिंग छातीशी धरून बसायचं?”

ठोके म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र. पत्र्याचं काम करतात. दिवसभर ठोकत असतात म्हणून सगळे त्यांना ठोकेच म्हणतात. खरं आडनाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे.

हे पिकअपच्या उघड्या दारापाशी उकिडवे बसले होते. वर न बघताच म्हणाले, “जाम आहे ती. खालच्या पट्ट्या गंजल्यात. राहू दे.”

“जाम? अरे, इंजिनाचे नट सोडवलेस. चाकांचे ड्रम सोडवलेस. मी म्हणत होतो भंगारात घाल, तर तू हौदा सोडवून नवा पत्रा बसवलास. आणि एक सीट सरकत नाही होय तुला?”

“राहू दे म्हटलं ना.”

ठोक्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे बॉनेटवर ठेवला, जरा आदळूनच.

“अगं, रंग!” हे ओरडले.

बघा. रंगाला लागलेलं ह्यांना लगेच कळतं.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिलीला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला येऊन सहा. पिकअप पहिलीची. तिची रोपवाटिका होती. कुंड्या आणि रोपं हौद्यात भरायची आणि स्वतः गाडी हाकत गावभर पोचवायची. हे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर होते. कुठलाही पंप डोळे मिटून खोलतील, पण गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. ती चालवायची आणि हे शेजारी बसायचे, गुडघे डॅशबोर्डला टेकवून. कारण पहिली होती बुटकी. दोघांची सीट एकच, सलग, आणि ती पार पुढे ओढल्याशिवाय तिचा पाय क्लचला पोचायचा नाही. हे मला कुणी सांगितलं? ह्यांनीच. एकदा नाही, पन्नासदा, आणि प्रत्येक वेळी हसत हसत.

मी उंच. ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी कपडे वाळत घालायची तार कपाळावर बसली. आरसा असा लावलेला की त्यात हनुवटीपासून कमरेपर्यंत मी दिसते, डोकं बघायचं तर वाकायचं. स्वयंपाकाचा ओटा तिच्या मापाचा. सहा वर्षं मी त्याच्यावर वाकून भाजी चिरते आहे आणि संध्याकाळी कंबर धरते आहे. माझा धंदा शिवणाचा. सोफ्यांची कव्हरं, पडदे आणि लोकांचे तंग झालेले कपडे मोठे करून देणं. शिवणीत आत थोडी माया ठेवलेली असली की उसवून कपडा मोठा करता येतो. घराचं तसं करता येत नाही. दुसऱ्याच्या मापाचं घर मिळालं की आपणच आखडून बसायचं.

सवत जिवंत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. गेलेल्या बाईशी काय भांडणार? ती उलट बोलत नाही, तिच्या हातून मीठ जास्त पडत नाही, तिचं वय वाढत नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही.

म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर हे म्हणाले, “ती मागे पडून असलेली पिकअप नीट करतो. तुझी कव्हरं पोचवायला होईल. तू चालवशील,” तेव्हा मला किती आनंद झाला ते मी कुणाला सांगितलं नाही. लग्नाआधी मी भावाचा टेम्पो चालवत होते, लायसन आहे माझं. ह्या घरात पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावानं निघालं होतं.

मग सुरू झालं काम. हे सकाळी उठले की शेडमध्ये. वायर ब्रशनं गंज काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, भोकं पडलेला पत्रा ठोक्यांकडून बदलून घ्यायचा, प्रायमर मारायचा. जाम झालेल्या प्रत्येक नटावर डिझेल सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावायचा. जेवायला हाक मारली की “आलो, आलो” आणि यायचं तासाभरानं. रंगाचं मला विचारलं. मी म्हटलं निळा. दिला हिरवा. का, तर घासताना खाली हिरवा निघाला, मूळचा तोच होता. म्हटलं, रंगाचं काय, बसायला तर मलाच मिळणार आहे.

आणि आता सीट पुढेच राहणार होती. तिच्या जागी.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सीटच्या लोखंडी सांगाड्यावरची गादी काढून माझ्या मशीनशेजारी आणून ठेवली. “जुनं कव्हर मापाला घे,” म्हणाले. “पण उसवून काढ हं, कापू नकोस.”

“मला शिकवताय?” मी म्हटलं.

कव्हर रेक्झिनचं होतं, वाळून कडक झालेलं. चालवणाऱ्याच्या बाजूला वीतभर फाटलेलं आणि हातानं शिवलेलं दिसलं. मी चष्मा लावला. टाके असे की बघत राहावं. एक इकडे, एक तिकडे, मध्येच दोन एकावर एक, आणि शेवटी गाठींचा गठ्ठा. मी एकटीच मोठ्यानं हसले. बाई गं, झाडं लावत होतीस, पण सुई धरता येत नव्हती तुला! सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यापेक्षा कशात तरी वरचढ निघाले होते. इतकं बरं वाटलं की लाजच वाटली, पण लाजेपेक्षा बरं जास्त वाटलं.

हे पाणी प्यायला आत आले. मी कव्हर त्यांच्यासमोर धरलं.

“ह्याला शिवण म्हणायची का हो? शाळेतली पोरगी बरी शिवेल.”

त्या टाक्यांवरून ह्यांनी बोट फिरवलं, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तांब्या उचलायला वळले.

ते बोट बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोठी कात्री उचलली आणि त्या टाक्यांच्या मधोमध चालवली. वाळकं रेक्झिन कराकरा कापलं गेलं. आवाजानं हे मागे वळले. माझ्या एका हातात कात्री, पायाशी दोन तुकडे.

“ते टाके मी घातले होते,” हे म्हणाले.

मी कात्री मशीनवर ठेवली.

“शेवटच्या वर्षी. खालची स्प्रिंग वर आली होती, टोचायची तिला. अंगावर मांस राहिलं नव्हतं ना. दवाखान्यातसुद्धा स्वतः चालवत जायची. ऐकायची नाही.”

त्या वेळी मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर आली ती ह्यांची जाडजूड बोटं, त्यात सुई, आणि टाका घालताना दातांत धरलेली जीभ. आणि मी विचारलं, “माझ्यासाठी कधी एक बटण तरी लावलंत?”

“तुला येतं की,” हे म्हणाले.

“आणि ओटा?”

“ओट्याचं काय?”

“सहा वर्षं वाकून उभी राहते मी तिथे. कंबर मोडली माझी.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगायला कशाला लागतं? तिला स्प्रिंग टोचत होती ते बरं कळलं तुम्हाला!”

“ती सांगायची,” हे म्हणाले. “ओरडून सांगायची.”

ह्यांनी खाली वाकून दोन्ही तुकडे उचलले, एकावर एक ठेवले आणि शेडमध्ये निघून गेले. पाणी तसंच राहिलं.

नमुना कधी कापायचा नाही, हे शिवणकामात पहिल्या दिवशी शिकवतात. तीस वर्षं मशीन चालवून मी तो कापला होता. आता माप गाडीतल्या सांगाड्यावरूनच घ्यायला हवं होतं. हे ठोक्यांबरोबर टायर बघायला गेले तेव्हा मी टेप घेऊन शेडमध्ये गेले. माप घेताना टेप हातातून निसटला आणि सीटखाली गेला, म्हणून वाकले.

सीट ज्या पट्ट्यांवरून मागेपुढे सरकते, त्या पट्ट्यांवर धूळ होती. कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. गाडीचा प्रत्येक नट डिझेलनं चकचकत होता आणि इथे, जाम आहे म्हणे तिथे, एक थेंब पडलेला नव्हता. ह्यांनी सीट सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

मी तिथेच फरशीवर बसले. शेजारणींच्या दागिन्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, बहिणीच्या दोन मजली घराचाही नाही. त्या दुपारी मला गंजलेल्या लोखंडी पट्ट्यांचा हेवा वाटला.

मग उठले आणि मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले. जाळं काढलं, धूळ पुसली, दोन्ही पट्ट्यांत तेल सोडलं. नवऱ्याला सोडवायची नाही ना, मग मी सोडवीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं, तिसऱ्या दिवशीही. आम्ही दोघं एकमेकांशी जेवायच्या हाकेपुरतं बोलत होतो. मधल्या वेळात मी नवं कव्हर शिवलं. तपकिरी रेक्झिन, कडेला पायपिंग, आत नवा फोम. राग असला म्हणून माझी टीप वाकडी जात नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गादी नेऊन सांगाड्यावर बसवली आणि स्वतः चढून बसले. गुडघे वर, स्टिअरिंग पोटात. खालचा खटका ओढला, दोन्ही पाय समोर रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मागे रेटलं. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा खर्रकन आवाज आला आणि सीट मागे गेली.

चार बोटं. नंतर मोजली मी.

पाय क्लचवर नीट पडला. कोपर मोकळं झालं, पाठ टेकली. ह्या घरात पहिल्यांदा मला सरळ बसता आलं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मनात म्हटलं, घे. आणि मग दिसलं, हे दाराशी उभे आहेत. कधीपासून, कोण जाणे.

ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. उत्तरं तयार होती माझी, तीन दिवस घोकलेली. पण हे पलीकडून फिरून आले, दुसरं दार उघडलं आणि शेजारी बसले. पाय लांब झाले. गुडघे डॅशबोर्डला टेकेनात. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, तिथे हात घालून पाहिला.

“आता तिचा पाय क्लचला पोचायचा नाही,” म्हणाले. मला नाही म्हणाले. कुणालाच नाही.

घोकलेल्यातलं एकही उत्तर ह्याला चालणारं नव्हतं. त्या बाईवर मी चिडू शकत होते. ह्या माणसावर चिडता येईना. अकरा वर्षं ती कधीही येऊन बसेल अशी ह्यांनी जागा धरून ठेवली होती, आणि ती येणार नाही हे ह्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी खटका ओढला. सीट पुढे घेतली, पार पुढे. मग मागे घेतली.

“हे बघा,” मी म्हटलं. “सरकते आता. मागे जाते, पुढेही जाते. जाम नाही.”

ह्यांनी वाकून खटक्याला हात घातला. स्वतः एकदा पुढे घेऊन पाहिली, एकदा मागे. आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी मी ते दोन तुकडे मागून घेतले. हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवले होते. नवं कव्हर उलटं केलं आणि चालवणाऱ्याच्या बाजूला, आतून, ते जोडून टाकले. ह्यांच्या टाक्यांना हात लावला नाही. माझ्या सरळ शिवणीशेजारी ते फारच वाईट दिसत होते. म्हटलं, दिसू देत, कुणाला दिसणार आहेत!

आता पिकअप मी चालवते. कव्हरं, पडदे, गाद्या, सगळं हौद्यात टाकते आणि पोचवते. रस्त्यात लोक वळून बघतात. गेल्या महिन्यात आरसा वर चढला. मला न सांगता, आणि एका बाजूला तिरका. जुन्या खिळ्याचं भोक खाली तसंच आहे. ओटा आहे तेवढाच आहे. त्याला गवंडी लागतो, तो येणार म्हणतात. मी ओरडून सांगितलंय.

संध्याकाळी मी गाडी शेडमध्ये लावते तेव्हा सीट मागे असते. सकाळी दार उघडते तेव्हा पुढे असते. रोज. मी ओट्यावर वाकून भाजी चिरत असते तेव्हा खिडकीतून शेड दिसते. हे चहाचा कप घेऊन गाडीत बसलेले असतात, आपल्या बाजूला, गुडघे डॅशबोर्डला टेकवून. चहा संपला की उतरतात, दार आवाज न करता लावतात. मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. मला जळतं. खोटं कशाला बोलू, अजून जळतं. मग मी चढते, खटका ओढते आणि सीट चार बोटं मागे घेते.

पट्ट्या कोरड्या पडल्या तर ह्यांना जोर लावावा लागेल, आणि ह्यांचा खांदा हल्ली दुखतो. म्हणून रविवारी मशीनला तेल घालून झालं की कुपी घेऊन मी शेडमध्ये जाते आणि दोन थेंब तिथेही सोडते.