गार व्हायची वाट

“मार, अजून एकदा मार,” बॉनेटमध्ये डोकं घालून शहादेव ओरडला.

आम्रपालीनं किल्ली फिरवली. कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र. इंजिन नुसतं फिरत राहिलं, चालू होईना.

गॅरेजच्या दारातल्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“मामी, काय झालं?” आम्रपालीनं काचेतून डोकं बाहेर काढलं.

“काही नाही. चालू दे तुमचं.”

अकरा वर्षं हा आवाज माझ्या कानात राहायला आहे. शेजारची पाण्याची मोटार अडखळत सुरू झाली, तरी मी भरल्या ताटावरून उठते आणि मग कशासाठी उठले ते मलाच सांगता येत नाही.

गाडी आमच्या ह्यांची. पांढरी, दोन हजार सहा सालची. हे शाळेत क्लार्क होते, मी नेकनूरला चौतीस वर्षं नर्स. आमच्या दोघांच्या आयुष्यात घेतलेली ही एकच मोठी वस्तू. हे गेल्यावर ती पत्र्याखाली उभी राहिली. बॅटरी बसू नये म्हणून शेजारी आठवड्याला बाजारापर्यंत नेऊन आणायचे. तेवढ्या अंतरात तिची कधी तक्रार आली नाही. गेल्या महिन्यात आम्रपालीनं ती मागून घेतली. ती माझ्या नणंदेची मुलगी, बीडला शाळेत शिकवते आणि नेकनूरला राहते. आणि मग पंधरा दिवसांत, दुपारी शाळा सुटून परत येताना, गाडी मांजरसुंब्याच्या घाटात दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा त्याच वळणाला. दरीकडेला पांढरा कठडा आहे, तिथं.

नणंद म्हणाली, “वैनी, दादाचा जीव हाय त्या गाडीत. लेकीला त्यात बसू देऊ का नगं?”

“आपण असलं मानतो का? दीक्षा कशाला घेतली मग तुझ्या आज्यानं?” मी तिला झापलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, हे मला काही सांगायला थांबतायत. म्हणून आज मीही गाडीत बसून बीडला आले होते.

शहादेवचं गॅरेज बार्शी नाक्याजवळ. मूळचा नेकनूरचा, त्याच्या दोन्ही मुली माझ्या हातावर झाल्या. सकाळी त्यानं गाडीला स्कॅनर जोडला. स्कॅनरात काही निघालं नाही.

“आधीच्या मिस्त्रीनं पंप बदला म्हणून सांगितलं,” आम्रपाली म्हणाली.

“थांब की गं बाई. गार गाडी तपासून काय उपेग?” मग तो माझ्याकडे वळला. “तुमी न्हवत्या का म्हनत, नर्सबाई? हिवताप हाय का बघायचं तर थंडी वाजून ताप चढला की रक्त द्यायला या. उतरल्यावर येऊन काय घंटा सापडतंय?”

“मी घंटा नव्हते म्हणत.”

“आता इसरला तुमी. लई शिव्या घालायच्या!”

मग त्यानं गाडी उन्हात लावली, बॉनेट बंद केलं आणि इंजिन चालूच ठेवलं. आम्ही दोनदा चहा प्यायलो. सव्वा तासानं, कुणी हात लावला नसताना, इंजिन एकदम गप्प झालं. धक्का नाही, धूर नाही. अकरा वर्षांपूर्वी घाटात झालं होतं अगदी तसं.

“आली तापात,” शहादेव खूश होऊन उठला. आणि ते कुर्र-कुर्र सुरू झालं.

“हिकडं या, बाई. हे बघा.” त्यानं स्कॅनर माझ्यापुढं धरला. “इंजिन फिरतंय का? ऐकू येतंय ना? आता ह्याच्यात बघा, फेरे किती दाखवतंय?”

चष्मा नीट करून मी पाहिलं. शून्य.

“इंजिन फिरतंय, अन् कंप्युटरला पत्ताच न्हाई. हितं खाली, पुलीपाशी एक सेन्सर असतो. क्रँक सेन्सर. तुमी मनगटावर बोटं ठिवून नाडी बघता ना, तसं हे इंजिनाची नाडी बघतंय. तापलं की ह्याची बोटं बधिर हुत्यात. नाडी लागंना, मग कंप्युटर म्हनतो इंजिन मेलं. पेट्रोल बंद, करंट बंद. इंजिनाला झालेलं काय नसतंय, बाई. ते जितंच असतंय.”

मी बाकड्यावर येऊन बसले.

अंबाजोगाईला लग्न होतं. मे महिनाच. दुपारी नेकनूरला घरी पोचलो तेव्हा इंजिन असं तापलं होतं की बॉनेटला हात लावू देईना. पायरी चढताना ह्यांनी छाती धरली. तशाच गाडीत आम्ही बीडच्या दवाखान्याकडे निघालो. चालवायला प्रवीण, आमचा एकुलता एक, बावीस वर्षांचा. मागे ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून मी त्यांच्या कपाळावर ठेवत होते, दुसऱ्या हातानं नाडी बघत होते. त्या वळणाला गाडी बंद पडली. प्रवीण किल्ली फिरवत राहिला. फोनला रेंज नव्हती. तो पळत रस्त्यात जाऊन हात करायचा, पुन्हा येऊन किल्ली फिरवायचा. गाड्या थांबेनात. तेव्हा मी ओरडले, “एक गाडी चालू करता येईना तुला! तुझ्या हातानं बाप चाललाय तुझा!”

बावीस मिनिटांनी गाडी एका किल्लीत चालू झाली. नाडी त्याच्या सहा मिनिटं आधी थांबली होती. घड्याळ बघण्याची सवय नोकरीनं लावली होती, ती तेव्हाही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या मिस्त्रीनं गाडी बघितली. पहिल्या किल्लीला चालू. तो म्हणाला, गाडीत दोष नाही, पोरगं घाबरलं असेल. मी गप्प बसले. प्रवीण तिथंच उभा होता. तो आता चाकणला कंपनीत आहे. एस.टी.नं येतो, एस.टी.नं जातो. त्या दिवसापासून कुठल्याच गाडीच्या चाकाला त्यानं हात लावलेला नाही. दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, आणि मी जेवले म्हणते.

“बाई,” शहादेवची हाक आली. “तेवढा रुमाल द्या तुमचा. माझी फडकी समदी तेलकट हायत. अन् पानी.”

पर्समध्ये रुमाल आणि पाण्याची बाटली मी कायम ठेवते. दिली. त्यानं रुमाल पाण्यात गच्च भिजवला, आडवा होऊन गाडीखाली हात घातला आणि सेन्सरवर दाबून धरला. चर्र झालं. थोडी वाफ आली. दोनदा रुमाल पिळून पुन्हा भिजवला. पाच मिनिटंही झाली नसतील.

“मार आता.”

आम्रपालीनं किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं.

“बघितलं का!” शहादेव हसत उठला. “घाटात आडकलं तर एवढं केलं तरी गाडी घरी जाती. बाटलीभर पानी अन् एक फडकं. बास.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं हसू हळूहळू उतरलं. नेकनूरचाच तो. ह्यांच्या मातीला आला होता.

“बाई…” तो म्हणाला. काळा झालेला रुमाल हातात तसाच.

“शहादेव, चालवणाऱ्याची चूक असते का रे ह्यात?”

“आजिबात न्हाई. म्या सवता बसलो असतो तरी किल्लीवर झाली नसती चालू.”

“हे प्रवीणला सांगशील? तुझ्या तोंडानं?”

“सांगतो की.”

“आणि रुमालाचं नको सांगू.”

तो मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं पँटीला हात पुसले. “लावा फोन.”

बुधवारी दुपारी माझा फोन बघून प्रवीण घाबरलाच. “आई? बरी हायस ना?” मी म्हटलं, शहादेवशी बोल, आणि आवाज मोठा करून फोन त्याच्या हातात दिला.

“जयभीम, प्रवीणदादा. तुमची गाडी माझ्याकडं आलीय.” त्यानं सगळं नीट सांगितलं. सेन्सर, ताप, शून्य फेरे. त्या दिवशी गाडी अंबाजोगाईहून आलती, आधीच तापलेली होती, हेही सांगितलं. “ज्यानं सकाळी गार गाडी बघून तुमचं नाव घेतलं ना, त्याला काय कळत नव्हतं. तुमचा हात चुकला न्हवता, दादा.”

पलीकडून मशीनचे आवाज येत होते.  मग प्रवीणनं विचारलं, “मग तवा काय करता आलं असतं?”

शहादेवनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

“कायबी न्हाई,” तो म्हणाला. “गार व्हायची वाट बघायची. दुसरं काय?”

त्यानं फोन मला दिला. मी आवाज बारीक केला आणि दाराबाहेर उन्हात गेले.

“प्रवीण, मी तेव्हा जे बोलले ना…”

“आई.”

“बोलू दे. माझं चुकलं. गाडी बंद पडली ती पडली, मी तसं बोलायला नको होतं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “उन्हात उभी हायस का?”

“हो.”

“सावलीला हो आधी. पानी पी.” जरा थांबून म्हणाला, “रविवारी येतो. शहादेवला म्हनावं, तो जुना सेन्सर टाकू नको. बघायचाय मला.”

नवीन सेन्सर आला. एका बोल्टवर बसणारी वस्तू, बोटाएवढी. शहादेवनं तिच्या रबरी कडीला तेलाचं बोट लावलं, सेन्सर दाबून बसवला, बोल्ट आवळला. मग पुन्हा तासभर गाडी उन्हात तापवली. बंद पडली नाही. जुना सेन्सर कागदात गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिला. रुमाल द्यायला मात्र कचरला.

“धुऊन देऊ का?”

“राहू दे. तसाच दे.”

परत निघालो तेव्हा ऊन कलत आलं होतं. पाली गाव मागे पडलं, घाटाचा चढ लागला. आम्रपालीनं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं.  पांढरा कठडा दिसला. जवळ आला. इंजिनाचा आवाज तसाच राहिला. मान वळवून मी कठडा दिसेनासा होईपर्यंत बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

“गेलं वळण, मामी,” आम्रपालीनं श्वास सोडला.

मांडीवरचा रुमाल तोवर वाळून कडक झाला होता. मधोमध काळा डाग उठला होता, कपाळाएवढा. डाग आत जाईल अशी मी त्याची घडी घातली आणि तो पर्समध्ये तळाशी, सेन्सरच्या पुडीपासून वेगळा ठेवला.