सारवलेलं पार्किंग

सरूबाईचा जीव त्या ओपन स्पेसमध्ये अडकला होता, आणि कॉलनीला नेमकं तिथंच पार्किंग करायचं होतं.

गारखेड्यातली ही सगळी कॉलनी म्हणजे सरूबाईचं पूर्वीचं शेत. नवऱ्यामागं तिनं ते विकलं, प्लॉट पडले, बंगले उठले. नकाशात सगळ्यांसाठी म्हणून सोडलेला तुकडा तेवढा उघडा राहिला, आणि तो निघाला नेमका तिच्या खळ्याचा. दर उन्हाळ्यात ती तिथं तूर वाळवायची. कुणी हटकलं नाही, कारण कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं. पण आता घरटी दोन-दोन गाड्या झाल्या, गल्लीत आरसे फुटायला लागले, आणि एका रविवारी मैदानातच सभा बसली.

सभा कसली, नुसता बाजार! दोघांना बाग पाहिजे, तिघांना देऊळ पाहिजे. तात्यासाहेब तर उठून ओरडलेच, "झाडं तुम्ही जगवत नाही, पोरं तुमची घराबाहेर पडत नाहीत, मग गाड्यांनीच कुणाचं घोडं मारलंय?" शेवटी अनंतरावांनी फाइल उघडली. हे कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. ठराव घरूनच लिहून आणलेला. दर घरास एक जागा, नंबर चिठ्ठ्या टाकून. सोबत नकाशा, त्यात एक फूटसुद्धा वाया गेलेला नाही.

सरूबाई मागं उभी राहून ऐकत होती. इथं एकदा खडी पडली की संपलं. आपण जन्मभर कुठं राबलो हे दाखवायलाही बोटभर जागा उरणार नव्हती.

"माझी बी चिठ्ठी टाका," ती म्हणाली.

"तुमच्याकडं गाडी कुठंय?" अनंतरावांनी विचारलं.

"कोपऱ्यावर घर तर हाय ना? तुमच्या कागदात घर लिवलंय का गाडी?"

अनंतरावांनी कागद पाहिला. घरच लिहिलं होतं. स्वतःच्या मसुद्यात खाडाखोड करणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. सरूबाईची चिठ्ठी पडली आणि पहिला नंबर निघाला, मैदानाच्या एकुलत्या फाटकाच्या ऐन तोंडाशी. तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं, की फूट वाचवायच्या नादात आत जायला वाट ठेवायचीच राहिलीय!

"तिला कुठं गाडीय? तिच्या जागेवरून जाऊ," तात्यासाहेब म्हणाले, आणि सभा मिटली.

दुसऱ्या दिवशी चुन्याच्या फक्कीच्या रेघा पडल्या. तिसऱ्या दिवशी सरूबाईनं जुन्या गावठाणातून घमेलंभर शेण आणलं, आपली जागा सारवली, वाळल्यावर सिल्लोडच्या लेकीनं पाठवलेली तूर पसरली आणि कडेनं रांगोळी ओढली. मनात डावबिव काही नाही. सारवलं की रांगोळी काढायची, एवढंच तिला ठाऊक.

साडेदहाला अनंतराव नवी गाडी घेऊन आले. शेजारी पत्नी भानुमतीबाई.

"अहो, थांबा! सारवलेल्यावर चाक घालता?"

"अगं, पार्किंग आहे ते."

"असू दे. नव्या गाडीनं रांगोळी तुडवायची? मी इथंच उतरते." आणि उतरल्याही.

मागं चार गाड्या तुंबल्या. चारी गाड्यांतून बायका उतरल्या आणि भानुमतीबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. नवरे लई तडतडले, हॉर्न वाजवले, पण चाक काही पुढं गेलं नाही.

अनंतराव घामाघूम होऊन सरूबाईकडं आले. चपला कडेला काढून, बरं का!

"हे किती दिवस चालायचं, सरूबाई?"

"उन्हाळाभर."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात चिखलात गाडी फसंल की तुमची." मग तिचा आवाज खाली आला. "साहेब, हे माझं खळं हुतं. इथं ज्वारीच्या राशी लागायच्या. बाकी समदं इकलं, त्याचं कायबी नाय. एवढ्यावर खडी टाकू नका."

अनंतरावांनी मनातल्या मनात सगळी कलमं चाळली. ठरावात याला कलम नव्हतं.

"आलाच हाय तर घटकाभर तूर राखत बसा," सरूबाई म्हणाली. "पारवे लई मातलेत. मी भाकर खाऊन येते."

करतात काय! तुंबलेल्या गाड्या एकेक मागं फिरल्या, आणि अनंतराव आपली गाडी बाजूला लावून, तिच्यातली छत्री आणून बसले बिचारे.

भाकर खाऊन सरूबाई परतली, तर फाटकात तात्यासाहेबांची गाडी नाक खुपसत होती आणि अनवाणी अनंतराव छत्री रोखून तिच्यापुढं उभे होते.

"गाडी मागं घ्या, तात्यासाहेब! खळं आहे हे, दिसत नाही?"

सरूबाई आहे तिथंच थबकली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. शेत विकल्यापासून हा शब्द तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.