भोवऱ्याच्या अंगी लागलं ते

मेंढपाळ म्हातारा आपली मोडकी खुर्ची दुरुस्तीला घेऊन आला, तेव्हा त्याचा कुत्रा मागोमाग कारखान्यात शिरला. आठवड्याने तो खुर्ची न्यायला आला आणि जाताना कुत्रा तिथेच ठेवून गेला.

"गुडघे गेले माझे," म्हातारा दारात उभा राहून म्हणाला. "मेंढ्या देऊन टाकल्या. लेकीकडे राहतो आता, चौथ्या मजल्यावर. तिथं हा दिवसभर भिंती खरवडत बसतो. तुमच्याकडे जिना आहे, रस्ता आहे. बघा बाई, जमतंय का."

बाईंना नाही म्हणता आलं नाही. या बाईंना सगळी गल्ली धाकटी म्हणायची. पन्नाशी उलटली होती, केस पांढरे झाले होते, पण आईच्या तोंडी ते नाव एकदा बसलं ते बसलंच. धाकटी जुने सोफे आणि खुर्च्या नव्या करून द्यायची. फाटकं कापड उसवायचं, बसलेल्या स्प्रिंगा ताणून बांधायच्या, कापूस पिंजून भरायचा, वरून नवं कापड खिळ्यांनी ठोकायचं. घर उभंच्या उभं होतं, एकावर एक तीन खोल्या आणि त्यांना शिवत गेलेला एक लाकडी जिना. खाली धाकटीचा कारखाना, तिथेच कोपऱ्यात तिची खाट. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि आई. सगळ्यांत वर दादा. तो हवामान खात्यातून निवृत्त झाला होता, पण अजून रोज गच्चीवर जाऊन ढग बघायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, जणू कुणी त्या वहीची वाट बघत होतं.

दादा आणि धाकटी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा गेले त्या दुपारी धाकटी एका गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेली होती. ती परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच दादा म्हणाला होता, "जरा लवकर आली असतीस तर त्यांना एकटं जावं लागलं नसतं." एवढंच. पण ते वाक्य धाकटीच्या काळजात दाभणासारखं शिरलं आणि तिथेच राहिलं. त्या दिवसापासून दादा आपलं ताट वर नेऊ लागला, धाकटी खाली. मधे आई एकटी जेवायची आणि दोघांचे निरोप वरखाली पोचवायची. "सांग त्याला, पाणी जपून वापर." "सांग तिला, ठोकाठोकी जरा कमी कर." आईच म्हणायची, "मी आई आहे की टपालखातं?"

अशा घरात तो कुत्रा आला. पाय लांब, कान अर्धे उभे, डोळे मधासारखे. आणि बरगड्या अशा की लांबून मोजून घ्याव्यात. तो बसायचाच नाही. खाली यायचा, धाकटीला बघायचा, वर जायचा, आईला बघायचा, आणखी वर जाऊन दादाच्या दाराला नाक लावायचा, की परत खाली. सकाळ संध्याकाळ धाकटी त्याला मैलभर फिरवून आणायची, आणि घरात पाऊल टाकताच तो ताजातवाना होऊन जिना गाठायचा. आईनं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, भोवरा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर उभं केलं. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं तर जिन्याच्या कठड्यावरून फिरवल्यासारखं वाटत होतं. त्यांनी रक्त तपासलं, शी तपासली, दात बघितले.

"जंत नाहीत, आजार नाही," त्या म्हणाल्या. "वजन पावणेचौदा किलो. अठराच्या आसपास हवं. हा जेवढं खातो त्यापेक्षा जास्त जाळतो. एकदम ढीगभर घालू नका, पोट बिघडेल. तेवढंच अन्न चार वेळा विभागून द्या आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. त्याच्या नेहमीच्या खाण्यात उकडलेलं अंडं, चिकन, भात मिसळा. मीठमसाला नको, कांदा तर अजिबात नको. आणि जेवण झाल्यावर तासभर पळू देऊ नका."

"पळू देऊ नका म्हणजे काय करू?" धाकटीनं विचारलं.

"ते तुम्हीच शोधा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

धाकटीनं कंबर कसली. पहाटे उठून भात लावायची, अंडी उकडायची, चिकन बारीक तोडायची. भोवरा भांड्याशी यायचा, तीन घास घ्यायचा, मान वर करायचा, आणि काहीतरी विसरल्यासारखा जिन्यावरून धडधडत निघून जायचा. परत येऊन आणखी दोन घास, की पुन्हा वर. दार लावून घेतलं तर दाराशी उभा राहून बारीक आवाजात रडायचा आणि भांड्याकडे ढुंकूनही बघायचा नाही.

वजन करणं हा आणखी एक सोहळा होता. धाकटी भोवऱ्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायची, आणि चष्मा नाकावर ओढून आई खाली वाकून आकडा वाचायची. मग धाकटीचं एकटीचं वजन त्यातून वजा करायचं.

"एक किलो वाढलं!" आई एकदा ओरडली. मग पुन्हा वाकली. "नाही गं. तूच वाढलीयस. त्याचं उरलेलं अंडं खातेस ना?"

धाकटी लाजली, कारण ते खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात भोवरा पाव किलो उतरला. त्या संध्याकाळी धाकटीनं हातोडी खाली ठेवली आणि मेंढपाळाच्या लेकीचं घर शोधत गेली. चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी म्हातारा त्याच दुरुस्त केलेल्या खुर्चीत बसला होता. समोर नुसती घरांची छपरं होती, पण तो असा बघत होता की त्याला त्यांच्या पलीकडचं कुरण दिसत असावं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन."

"जेवायला कुठं बसता?"

"एक वर, एक मधे, मी खाली."

"मग कसा जेवेल तो?" म्हातारा म्हणाला. "बाई, तो खेळत नाहीये. तो तुम्हाला राखतोय. कळप पांगला की त्याचं काम सुरू होतं. एक वर गेलं, बघून ये. एक खाली राहिलं, बघून ये. माळावरसुद्धा शेवटची मेंढी आत आल्याशिवाय यानं कधी भांड्याला तोंड लावलं नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, घर म्हटल्यावर माणसं एकत्रच असणार."

परतीच्या वाटेवर धाकटी हळू चालली. दिवे लागायच्या वेळेचा निळा उजेड सगळ्या रस्त्यावर भरला होता आणि आपण पाण्यातून चालतोय असं तिला वाटत होतं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वर बघून हाक मारली, "उद्या एक वाजता खाली जेवायला ये. कारखान्यात."

वर दार करकरलं. मग दादाचा आवाज आला. "कशाला?"

"कुत्र्यासाठी."

"कुत्र्यासाठी?"

"हो. तुझ्यासाठी कोण बोलावतंय?"

दुसऱ्या दिवशी दादा खरंच उतरला, ताट हातात घेऊन, परक्या घरात शिरावं तसा. आईला कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला पाच मिनिटं लागली. भोवरा पूर्ण वेळ तिच्या टाचेमागे होता. कारखान्यात एका नाटकगृहाचा तिघांपुरता सोफा दुरुस्तीला आला होता, अजून कापड न चढवलेला, कापसानं फुगलेला. तिघं त्याच्यावर बसली. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला धाकटी, मधे आई. काचेतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते की ते पडतायत की चढतायत ते कळत नव्हतं.

भोवऱ्यानं तीन घास घेतले. मान वर केली. दादाकडे बघितलं, आईकडे, धाकटीकडे. सवयीनं जिन्यापाशी गेला, वर कान दिला. वर कुणीच नव्हतं. तो काही वेळ तिथेच उभा राहिला, शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा. मग परत आला आणि भांडं चाटूनपुसून रिकामं केलं. सोफ्याच्या पुढ्यात त्यानं दोन गिरक्या घेतल्या, आणि तिघांच्या पावलांवर आडवा पडून लांब श्वास सोडला. डोळे मिटले.

धाकटीनं ताट ठेवायला पाय हलवला.

"हलू नकोस," दादा कुजबुजला.

दोन वर्षांत तो तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द होते. धाकटी हलली नाही.

मग रोजचंच झालं. एक वाजला की जिना वाजायचा. जेवण व्हायचं, आणि त्यानंतरचा तासभर कुणी जागचं उठायचं नाही, कारण उठलं की भोवरा उठणार. दारावर गिऱ्हाईक आलं तर आई तिथूनच बोट ओठांवर ठेवायची आणि माणूस चवड्यांवर परत जायचा. घर गुंगल्यासारखं व्हायचं. आई बसल्या बसल्या पेंगायची. भोवरा झोपेतच धावायचा. पाय थरथरायचे, ओठ हलायचे, आणि कुठल्यातरी दूरच्या टेकडीवरचं भुंकणं त्याच्या घशात बारीक होऊन उमटायचं. धाकटीचे डोळे जड व्हायचे. मग तिला वाटायचं, हा सोफा नाहीच, गवताचा उतार आहे, खाली पांढरं काहीतरी चरतंय, आणि आपल्यालाही कुणीतरी मोजून घेतलं आहे. जाग यायची तेव्हा पावलं उबेनं सुन्न झालेली असायची.

काट्यावरचा आकडा वर सरकू लागला. साडेचौदा. पंधरा. दादानं आलेखाच्या कागदावर एक रेघ काढायला घेतली आणि कागद कारखान्याच्या भिंतीवर, हातोड्यांच्या शेजारी लावला. कुणाला विचारलं नाही, कुणी उतरवायला सांगितलं नाही.

सोळा किलो झाले त्या आठवड्यातली गोष्ट. आई झोपली होती, तिचं डोकं धाकटीच्या खांद्यावर कललं होतं. भोवऱ्याचं डोकं दादाच्या पावलावर आणि मागचे पाय धाकटीच्या पावलांवर होते. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं.

"मीपण नव्हतो," दादा म्हणाला.

त्याचा आवाज इतका हलका होता की स्वप्नातलंच काही ऐकलं असं धाकटीला वाटलं. "काय?"

"बाबांजवळ, वर माझ्या खोलीत. त्या दुपारी. आई खाली औषध उकळत ठेवायला गेली होती आणि मी गच्चीवर गेलो. दहा मिनिटं म्हणून. ढग फार सुंदर आले होते गं. मी बघत राहिलो. परत आलो तर सगळं आटोपलं होतं. मग तू दारात आलीस आणि माझ्या तोंडून ते निघालं. ते मी मलाच बोलत होतो. पण समोर तू होतीस."

धाकटीला उठावं, ओरडावं, हातोडी फेकावी, दोन वर्षांचा एकेक दिवस त्याच्या पुढ्यात आणून टाकावा असं झालं. पण खांद्यावर आई होती आणि पावलांवर कुत्रा. हलायची सोय नव्हती. ती तशीच बसून राहिली. दादाचा हात गुडघ्यावर उताणा पडला होता, बाबांचा शेवटी शेवटी पडायचा तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायलाही ती हलली नाही.

"दोन वर्षं, दादा," ती अखेर कुजबुजली.

"हो."

"मला रोज वाटायचं, शेवटच्या वेळी मी त्यांना एकटं सोडलं."

"माहीत आहे. म्हणूनच खाली येववत नव्हतं."

भोवऱ्यानं झोपेत उसासा टाकला आणि कूस बदलली. दोघांनीही श्वास रोखला. तो जागा झाला नाही.

"माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही," धाकटी म्हणाली.

"नको म्हणूस," दादा म्हणाला. "उद्या एक वाजता येऊ ना?"

"यायलाच लागेल. अजून दोन किलो बाकी आहेत."

आई डोळे न उघडता म्हणाली, "बोला, बोला. मी झोपलीये."

ते दोन किलो भरायला आणखी सात आठवडे गेले. डॉक्टरीणबाईंनी भोवऱ्याच्या कुशीवरून हात फिरवला, बरगड्या हाताला लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत. "छान," त्या म्हणाल्या. "आता वाढवणं थांबवा, नाहीतर बारीक करायला माझ्याकडे याल." मग त्यांनी विचारलं, "जेवणानंतर त्याला शांत कसं ठेवलंत?"

"आम्हीच शांत बसलो," धाकटीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजला तरी दादा उतरला नाही. त्याला ताप भरला होता. धाकटी जिन्यापाशी थोडी घुटमळली, मग ताटं तबकात घेतली आणि वर चढू लागली. आई तिच्या मागून, दर चार पायऱ्यांना थांबत आणि पायऱ्यांना नावं ठेवत. तिच्याही मागून भोवरा. दादा पांघरुणातून बघतच राहिला. दोन वर्षांत त्याच्या खोलीत कुणी आलं नव्हतं. खुर्ची एकच होती, म्हणून आई तिच्यात बसली आणि धाकटी पलंगाच्या कडेवर.

जेवणं झाली. भोवरा पलंगावर चढला, दादाच्या पायांशी गोल झाला. दादाला सूप संपवता आलं नाही, तहान मात्र लागली होती, आणि पाण्याचा तांब्या खाली राहिला होता. धाकटी पाणी आणायला सावकाश उठली. फळी करकरली. भोवऱ्यानं एक डोळा उघडला, तिला दारापर्यंत जाताना बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतला.