समाजमंदिराची पाहणी

जुलैत घाटकोपरच्या टेकडीवरून दरड आली आणि बावीस घरं घेऊन गेली. नोव्हेंबरात शहरी आपत्तींवर परिषद भरवायचं ठरलं, तीही त्या जागेच्या जवळच; पाहुण्यांना म्हणे वातावरण मिळायला हवं! जागा शोधायचं काम परिषदा भरवणाऱ्या पवईच्या कंपनीतल्या प्रियंकाच्या गळ्यात पडलं.

मुलुंडचं सभागृह गळत होतं. राहिलं टेकडीखालचं समाजमंदिर. तिथे दरडग्रस्त राहतात असं तिनं ऐकलं होतं, पण आत गेली तर हॉल लख्ख, रिकामा. लोकांची सोय झाली असेल, असं समजून तिनं फोटो काढले, साहेबांना पाठवले आणि मागचं दार उघडलं.

मागे ताडपत्रीखाली बावीस संसार बसले होते. गाद्या, स्टो, पातेली, खाटेवर लकवा झालेला एक म्हातारा.

"जय भीम, मॅडम," त्यांच्यातल्या सोनूबाई पुढे आल्या.

"जय भीम, मावशी. बाहेर का सगळे?"

"वॉचमन बोलला, पाहणीला मॅडम येणार. पालिकेच्या मागल्या साहेबानं वहीत 'अस्वच्छ' लिहिलं, अन् आमची नव्या घरांची यादी अडली. म्हणून पहाटेपासून घासलंय."

'पाहणी' हा शब्द वॉचमनला फोनवर प्रियंकानंच सांगितला होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "झकास जागा! सोमवारी ताबा घेऊ."

"सर, इथे लोक राहतात."

"फोटोत एक माणूस नाही यार. राहतात तर दाखव ना. पाचला फायनल करतोय."

साडेचार वाजले होते.

"मावशी, मी घरांसाठी नाही आले. परिषदेला हॉल बघतेय. सामान आत आणा, नाहीतर तुम्हाला इथून काढतील!"

सोनूबाई हसल्या. "मागला साहेबबी म्हणला, सहज आलोय. आम्ही भुललो, पसारा तसाच ठेवला. आता नाय फसायचो."

"जय भीम म्हटलंय मी तुम्हाला. खोटं कशाला बोलू?"

कुणी हललं नाही. तिनं ताडपत्रीकडे मोबाइल धरला, तर बायका पदर पसरून सामानापुढे उभ्या राहिल्या. प्रियंकाला रडू आलं. ती त्यांच्या हातापाया पडली, तरी नाही.

पाचला फोन वाजू लागला. प्रियंकाच्या येण्याजाण्यात चपलांनी हॉलच्या फरशीवर माती आली होती. सोनूबाईंनी वाकून ती ओल्या फडक्यानं पुसली आणि बाजूला सरल्या.

"आता काढ फोटो, पोरी," त्या म्हणाल्या.