नखाला लागलेली पायरी

मी एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा इंजिन ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे धड आहे. मित्रांनो, जरा भरभर सांगतो, कारण स्वस्थ बसणे माझ्या रक्तात नाही. रक्त म्हणजे तेल, हे तुम्ही ओळखलेच असेल!

माझा जन्म भट्टीत झाला. साच्यातून निघालो तो एका साध्या घरगुती गाडीत जाऊन बसलो. रोज कामावर जायचे, परत यायचे. कुणाची तक्रार नव्हती, कौतुकही नव्हते. गाडी म्हातारी झाली आणि मी भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडलो. शेजारी एक लोखंडी ब्लॉक होता. धिप्पाड गडी! त्याच्यापुढे मी म्हणजे पाप्याचे पितर.

एके दिवशी तेथे एक भाऊ-बहीण आले. त्यांना शर्यतीची गाडी बांधायची होती. बहीण सतत नखे कुरतडायची, म्हणून घरात तिला सगळे खारूताई म्हणत.

"हा लोखंडी घेऊ. हत्ती आहे नुसता!" दादा म्हणाला.

"हत्ती वळणावर वळेल का रे, दादा? हा हलका घेऊ. आत पोलादी स्लीव्ह बसवू, म्हणजे ताकदीलाही कमी पडायचा नाही."

ज्या नळकांड्यांत पिस्टन वरखाली धावतात, त्यांना आतून लावलेले अस्तर म्हणजे स्लीव्ह. लेथवाल्याने माझी चारही भोके मोठी केली, मला तापवले आणि स्लीव्ह आत बसवल्या. वरून हलका, आतून पोलाद! कधी एकदा पळतो असे मला झाले.

पण पहिल्याच चाचणीत घोडे अडले. इंजिन थंड ठेवणारे पाणी नळकांड्यांत झिरपले आणि मागून पांढरा धूर निघाला. गॅरेजमध्ये आणून माझे झाकण काढले.

"ब्लॉकलाच तडा गेला असणार. मी तेव्हाच सांगत होतो! दे भट्टीत, लोखंडी आणू," असे म्हणत दादाने भंगारवाल्याला फोनही लावला.

भट्टीत! माझा जीव टांगणीला लागला. अहो, तडा कुठला! तिसरी स्लीव्ह तापल्यावर केसभर खाली बसली होती, एवढेच. तेथे झाकण घट्ट बसत नव्हते. पण सांगणार कसे? खारूताईने माझ्या माथ्यावरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. एवढीशी पायरी हाताला लागायला नख हवे, आणि तिची नखे तर काळजीपायी मुळापर्यंत संपली होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला या गाडीचा भारी राग. लेकीने शर्यतीत उतरू नये म्हणून ती दोघांशीही भांडली होती.

"आई, तुला नखं आहेत ना? इथून जरा फिरव गं."

आईने पहिल्या स्लीव्हवरून नख फिरवले, मग दुसरीवरून. तिसरीच्या काठाला ते अडकले. मला कळले, तिलाही कळले. ती गप्प झाली. ती तशीच गप्प राहती, तर मी भट्टीत गेलो असतो, आणि लोखंडी ब्लॉक तयार होईपर्यंत शर्यतही होऊन गेली असती. आई लेकीच्या कुरतडलेल्या बोटांकडे बघत राहिली. मित्रांनो, मी नुसता कासावीस झालो.

"इथं अडकतंय," आई म्हणाली. "आणि हे बघ, दुरुस्त करायचं तर नीट कर. अर्धवट गाडीत बसू देणार नाही मी तुला."

दादाने फोन ठेवला. लेथवाल्याने ती स्लीव्ह काढली, तिची बैठक सपाट केली, नवी बसवली आणि माझा माथा पुन्हा घासून एकसारखा केला. पहिल्या शर्यतीत आमचा नंबर आला नाही, पण गाडी शेवटपर्यंत धावली. मला तेवढे पुरे होते.

म्हणून सांगतो, काही बिघडले की लगेच मोडीत काढू नका. नेमके कुठे दुखते आहे, ते आधी हात लावून बघा.

आई अजूनही शर्यत बघायला येत नाही. पण माझे झाकण लावण्याआधी तिलाच हाक मारतात. त्यासाठी तिने उजव्या अंगठ्याचे नख राखले आहे. ते माझ्या माथ्यावरून फिरते, तेवढा वेळ मी अगदी स्वस्थ असतो.