ग्रहण सुटल्यावरचं पाणी

मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळायचं, हे कोलत्तूरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात दुकानदार इरुदयराजने देशिकनना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ऐकतील ते देशिकन कसले! उभा जन्म बँकेच्या खिडकीत बसून लोकांना 'थांबा' म्हणण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थाला स्वतःला म्हणून थांबवेना.

चेन्नईत तिरुवान्मियूरला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आली. तिच्यात मीठ कालवलेलं पाणी, पांढरी वाळू, भोकाभोकांचे दगड. पुढेमागे त्या दगडांवर प्रवाळ वाढवायचं, असा बेत. त्यांच्या पत्नीने, कुमुदवल्लीने, एकाच अटीवर होकार दिला होता.

"सोवळ्या अय्यंगारांच्या घरात मासे आणताय, आणा. लोक हसतील, हसू देत. पण या घरात जीव जाता कामा नये. एक जरी मेला, तरी टाकी घराबाहेर. मग मला समजावत बसायचं नाही."

कुमुदवल्लीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. देशिकननी मान डोलावली.

इरुदयराज म्हणाला होता, "सार, नव्या पाण्यात घाण पचवणारे जिवाणू नसतात. एक कच्ची कोळंबी टाका, कुजू द्या. पाण्यात विष तयार होईल, ते खायला जिवाणू वाढतील. विष संपलं की थोडं पाणी बदला, आणि मग या मासे न्यायला. तोवर महिना जाईल, जाऊ द्या."

"कोळंबी? माझ्या घरात? अरे, भिंतीवरच्या फोटोतून आई खाली उतरेल!"

तर कोळंबी काही पडली नाही. देशिकन मात्र रोज काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत. हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर नाही. रोज पिवळं! मुळात कुजण्यासारखं काही पडलंच नव्हतं, तर विष येणार कुठून? एवढी साधी गोष्ट या हिशोबी माणसाच्या डोक्यात शिरली नाही. 'पाणी तयार' असं स्वतःच जाहीर करून ते दुकानात गेले. "कोळंबीचं झालं का, सार?" या प्रश्नाला "झालं झालं सगळं" असं मोघम उत्तर देऊन केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी घेऊन आले.

कुमुदवल्ली आधी लांबूनच बघायची. मग घेवडा निवडायला टाकीपाशी बसायला लागली. आकाराने मोठी ती थोरली, लहान तो धाकटा. "खाल्लंस का रे? का तिनेच सगळं हाणलं?" असं धाकट्याशी बोलणं चालायचं. देशिकन पेपराआडून ऐकायचे आणि हसायचे.

मासे खाणार, मासे घाण करणार. नळीतलं पाणी हिरवट दिसू लागलं. फोनवरच्या हौशी मंडळींच्या गटात त्यांनी विचारलं, तर एक म्हणाला, रोज पाणी बदला. दुसरा म्हणाला, बदलाल तर जिवाणू कधीच बसणार नाहीत. तिसऱ्याने नुसतेच हात जोडलेले पाठवले. दोन दिवस देशिकनचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. तरी बरं, असू द्यावं म्हणून उरलंसुरलं सगळं मीठ कालवून त्यांनी बाल्कनीत निळं पिंपभर पाणी तयार ठेवलं होतं.

सूर्यग्रहणाच्या दिवशी सकाळी नळी हिरवीगार झाली. दोन्ही मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमिट करत होते. त्यांनी दुकानात फोन लावला.

"आता कसला विचार करता, सार? अर्धं पाणी बदला. आत्ताच!"

देशिकननी बादली उचलली, तोच स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, थांबा! ग्रहण लागलंय. आता पाण्याला हात नाही. सुटलं की बदला काय ते."

"अगं, पण त्यांना त्रास होतोय."

"ग्रहणात केलेलं बाधलं तर? मग कोणाला विचाराल?"

तिने पाण्याच्या भांड्यांवर, लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी ठेवली होती. तशीच एक टाकीच्या काचेवरही ठेवली. देशिकननी बादली खाली ठेवली. बायकोला भिऊन नव्हे. ग्रहणात त्यांनी स्वतः कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. माशांकडे बघवेना म्हणून खुर्ची भिंतीकडे वळवून ते बसून राहिले.

ग्रहण सुटलं तसे ते आधी आंघोळीला पळाले. बाहेर येऊन बघतात तर स्वयंपाकघरातली सगळी भांडी पालथी, बाल्कनी ओली, आणि निळं पिंपही पालथं.

"कुमुदा! यातलं पाणी?"

"ओतलं की. ग्रहणातलं साठवलेलं पाणी घरात ठेवतात का? केवढं जड ते पिंप, कंबर गेली माझी!"

देशिकननी पिंप सरळ करून आत पाहिलं. "अगं, ते माशांसाठी होतं. आणि ओतायचंच होतं, तर टाकीतलं बरं ठेवलंस?"

"त्यात ते राहतात ना!" ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा चेहरा उतरला.

मीठ संपलेलं. कोलत्तूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि आणलं तरी कालवलेलं पाणी दिवसभर मुरायला हवं. इरुदयराजने फोनवर कपाळावर हात मारलेला ऐकू आला. "मग समुद्राचं आणा, सार. पण काठावरचं नको, आज अर्धं शहर तिथे आंघोळ करतंय. एखादा होडीवाला गाठा, तो आतलं आणेल."

कोळीवाडा पलीकडच्याच रस्त्याला. लग्न होऊन आल्यापासून कुमुदवल्ली तिथून गेली ती नाकाला पदर लावून. तिने प्यायच्या पाण्याचे रिकामे कॅन देशिकनच्या हातात दिले, स्वतः दोन घेतले आणि चपला घातल्या.

"चला. बघत काय बसलात?"

येताजाता तोंडओळख झालेली कोळीण मरियपुष्पम माशांची टोपली मांडून बसली होती. "मामी! आज कुठे वाट चुकलात? सुरमई देऊ ताजी?"

"सुरमई नको गं बाई. पाणी हवंय, आतल्या समुद्राचं."

"अगं बाई! मासे सोडून पाणी नेणारं गिऱ्हाईक आजच बघतेय."

"मासे घरी आहेत."

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. देशिकनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुमुदवल्ली मात्र जागची हलली नाही.

"हसा. मीच त्यांचं पाणी ओतून दिलंय. मरायला टेकलेत ते. हसून झालं की कोणाला तरी पाठव, मरियपुष्पम."

मरियपुष्पमचं हसू थांबलं. तिने भावाला हाक मारली, होडी लाटांपलीकडे गेली आणि कॅन भरून आली. रिक्षात कुमुदवल्ली एक कॅन मांडीवर घेऊन बसली, सोवळं-ओवळं सगळं विसरून. घरी येऊन देशिकननी पाण्याचा खारेपणा मोजला, आणि निम्मं पाणी काढून निम्मं नवं घातलं. संध्याकाळी थोरली खाली उतरून दगडाभोवती फिरली. धाकटा वरच राहिला.

सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला होता.

देशिकननी त्याला केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतलं, खाली बागेत पुरलं. वर येऊन म्हणाले, "चूक तुझी नाही. पाणी तयार नसताना मी आणले. मलाच घाई." कुमुदवल्ली आत निघून गेली. शब्द तो शब्द. त्यांनी थोरलीसाठी बादली भरली, टाकी रिकामी करायची नळी काढली.

कुमुदवल्ली बाहेर आली ती ओल्या केसांनी.

"परत आंघोळ? सकाळी झाली होती ना?"

"घरातलं कोणी गेलं की करत नाहीत? तुम्हीही करून या. आणि ती नळी ठेवा खाली."

"पण तूच म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. ती एकटी राहिलीय, तिला आता घराबाहेर काढू?" तिने डोळे पुसले. "पाणी पुन्हा कधी बदलायचं, ते त्या दुकानदाराला खरं खरं सांगून विचारा. मरियपुष्पमला तसा निरोप द्यायला हवा."

देशिकननी नळी ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून ते पोटभर रडले.